माहितीचे बिऱ्हाड

माझे गाव वेरूळ. दहावीनंतर पुढच्या शिक्षणासाठी मी तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, रोज एस.टी.ने जात असे. खुलताबाद मागे पडले, घाट उतरला की दौलताबादचा किल्ला दिसू लागायचा. किल्ला दिसला की आमच्यातला कोणीतरी हमखास महंमद तुघलकाची नक्कल करायचा. १३२७ साली दिल्लीची राजधानी उचलून इथे आणणारा आणि काही वर्षांतच पुन्हा परत नेणारा सुलतान. आम्ही पोरे पोटभर हसत असू. मराठीत 'तुघलकी कारभार' हा शब्दच त्याच्यावरून पडला.

पुढे माझा व्यवसाय असा निघाला, की त्या सुलतानाला हसणे मला जमेनासे झाले. गेली वीसेक वर्षे मी संस्थांची माहिती एका संगणक यंत्रणेतून दुसऱ्या यंत्रणेत हलवण्याचे काम करतो. बँका, रुग्णालये, शाळा, कारखाने. अलीकडे या कामाचे रूप बदलले आहे. माहिती एका 'क्लाउड'मधून दुसऱ्या 'क्लाउड'मध्ये न्यायची असते. ऐकायला सोपे वाटते. एका ढगातून दुसऱ्या ढगात जायला असा काय वेळ लागणार? प्रत्यक्षात ते बिऱ्हाड हलवण्याइतके, किंबहुना राजधानी हलवण्याइतके किचकट असते. ते का, हे आज सांगायचे आहे.

तुघलकाबद्दल एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याने तयारी केली नव्हती असे नाही. निघताना आणि पोहोचल्यावर लोकांना त्याने सढळ हाताने मदत केली, असे त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो. लोकांच्या हालांचे वर्णनही त्याच बरनीने केले आहे. सगळी दिल्ली रिकामी झाली नव्हती, मुख्यतः सरदार, अधिकारी, विद्वान मंडळी हलवली गेली, असे आजचे बरेच अभ्यासक मानतात. इब्न बतूता या प्रवाशाने दिल्ली ते दौलताबाद हे अंतर चाळीस दिवसांचे सांगितले आहे. माणसे चाळीस दिवस चालली आणि पोहोचली. पण त्यांची घरे, नाती, बाजार, ओळखी मागेच राहिल्या. माणसे हलली, शहर हलले नाही. माहितीच्या स्थलांतरात नेमके हेच घडते. आकडे पोहोचतात, त्यांचा अर्थ वाटेत राहतो.

क्लाउड म्हणजे भाड्याचे घर

आधी क्लाउड म्हणजे काय ते पाहू. त्यात आकाशातले काही नाही. पूर्वी संस्था स्वतःचे मोठे संगणक विकत घेत, वातानुकूलित खोलीत ठेवत, त्यांची राखण करत. आता ते संगणक दुसऱ्याच्या इमारतीत असतात आणि आपण ते वापरापुरते भाड्याने घेतो. घर बांधण्याऐवजी भाड्याने राहण्यासारखे हे आहे. या इमारती जमिनीवरच आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी आपल्या महाराष्ट्रात आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गुगलने २०१७ साली मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये क्लाउड वापराचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

मग एका भाड्याच्या घरातून दुसऱ्या भाड्याच्या घरात जायची वेळ का येते? कारणे संसारातलीच आहेत. भाडे वाढते. दुसऱ्याकडे सोयी जास्त असतात. दोन संस्था एकत्र होतात आणि दोन चुली ठेवणे परवडत नाही. कधी कायदा बदलतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आदेश काढला, की पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवली पाहिजे, आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. ज्यांची माहिती परदेशातल्या संगणकांवर होती, त्यांना बिऱ्हाड हलवणे भागच पडले.

वजन आणि वाट

पहिली अडचण वजनाची. माहितीला वजन नसते असे आपल्याला वाटते. पण ती मोठी झाली की हलता हलत नाही. आपल्या मोबाइलमधली जागा गिगाबाइटमध्ये मोजतात. हजार गिगाबाइट म्हणजे एक टेराबाइट आणि हजार टेराबाइट म्हणजे एक पेटाबाइट. मोठ्या संस्थेकडे एक पेटाबाइट माहिती असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

ही एक पेटाबाइट माहिती सेकंदाला एक गिगाबिट वेगाच्या लाइनवरून पाठवायची ठरवली, तर लाइन रात्रंदिवस पूर्ण भरून चालली तरी सुमारे ९३ दिवस लागतात. इब्न बतूताच्या चाळीस दिवसांच्या दुपटीहून जास्त. शिवाय त्याच लाइनवर संस्थेचे रोजचे कामही चालू असते, त्यामुळे पूर्ण लाइन मिळत नाही. दहापट वेगाची लाइन घेतली तर नऊ-दहा दिवसांत काम होते, पण तिचे पैसे मोजावे लागतात.

म्हणूनच ॲमेझॉनने २०१५ साली एक वेगळीच सोय काढली. माहिती भरण्यासाठी मजबूत पेटी संस्थेकडे पाठवायची, ती भरून कुरियरने परत मागवायची. २०१६ मध्ये तर त्यांनी शंभर पेटाबाइट माहिती मावेल असा ४५ फुटी कंटेनरचा ट्रक जाहीर केला होता. तो २०२४ मध्ये बंद झाला. इंटरनेटच्या युगात माहिती ट्रकमधून न्यावी लागावी याचे लोकांना हसू येते. पण फार मोठे बिऱ्हाड असले की ट्रकच लागतो.

निघण्याचा दंड

दुसरी अडचण पैशाची. क्लाउडमध्ये माहिती आत आणायला सहसा पैसे पडत नाहीत. बाहेर न्यायला पडतात. मोठ्या कंपन्यांचे जाहीर दर पाहिले तर ठिकाण आणि प्रमाण यांनुसार एका गिगाबाइटला साधारण पाच ते बारा सेंट. ही रक्कम चिल्लर वाटते. पण एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट. हिशेब केला तर ५० हजार ते १ लाख २० हजार डॉलर होतात. म्हणजे नुसते घराबाहेर पाऊल टाकायला कित्येक लाख रुपये! आणि नव्या घरात बस्तान बसेपर्यंत जुन्या घराचेही भाडे चालूच असते. या काळात संस्थेचे लेखापाल माझ्यासारख्याकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर मला चांगली परिचयाची आहे.

या दंडावर जगभर टीका झाली. युरोपीय संघाने कायदा केला. तो १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि १२ जानेवारी २०२७ पासून तिथे क्लाउड बदलण्यासाठी असे शुल्क घेता येणार नाही. त्याआधीच, २०२४ च्या सुरुवातीला, गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांना हे शुल्क माफ करण्याची तयारी दाखवली. पण त्याला अटी आहेत, आधी कळवावे लागते, मुदत पाळावी लागते. म्हणून मी संस्थांना एकच सांगतो, की घर घेतानाच्या करारात घर सोडण्याचे कलम आधी वाचा.

भिंतीतली कपाटे

वजन आणि पैसा या अडचणी दिसतात तरी. तिसरी अडचण दिसत नाही. भाड्याच्या घरात भिंतीत कपाटे करून दिलेली असतात. आपण त्यांत सामान लावतो, त्यांची सवय होते. घर सोडताना कळते की सामान आपले, पण कपाटे घरमालकाची. नव्या घरात कपाटे आहेत, पण त्यांचे खण वेगळे, मापे वेगळी.

प्रत्येक क्लाउड कंपनी माहिती ठेवण्याच्या आणि शोधण्याच्या स्वतःच्या खास सोयी देते. संस्थेचे प्रोग्राम त्या सोयींवर बेतलेले असतात. दुसरीकडे गेल्यावर ते पुन्हा लिहावे लागतात. कोणी कोणती माहिती पाहायची याचे नियमही प्रत्येकाकडे वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असतात. ते जसेच्या तसे उचलून नेता येत नाहीत. त्यात चूक झाली तर दोनच गोष्टी होतात. एकतर सगळ्यांनाच कुलूप लागते, नाहीतर सगळ्यांनाच दार उघडे राहते. कुलूप लागले तर अर्ध्या तासात आरडाओरडा होतो आणि चूक कळते. दार उघडे राहिले तर कोणी ओरडत नाही. म्हणून मला दुसऱ्याची भीती जास्त वाटते. आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लोकांच्या माहितीचे दार उघडे ठेवणे ही यापुढे केवळ तांत्रिक चूक राहणार नाही.

पोती मोजली, धान्य नाही

आता एक प्रसंग सांगतो. मराठवाड्यातलेच एक मोठे रुग्णालय. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची कमी आणि माझी जास्त होती. त्यांची वीस वर्षांची कागदपत्रे, क्ष-किरण आणि स्कॅनची छायाचित्रे, तपासणी अहवाल असे सगळे एका क्लाउडमध्ये होते. ते दुसऱ्या क्लाउडमध्ये न्यायचे होते. काम माझ्या गटाकडे आले.

मराठी माहितीचा एक जुना घोळ आहे, तो इथे सांगितला पाहिजे. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ती युनिकोड या जागतिक पद्धतीने. पण त्याआधीची अनेक वर्षे आपल्या कचेऱ्यांत वेगवेगळ्या कंपन्यांचे मराठी फाँट वापरले गेले. त्यात संगणक खरे मराठी अक्षर साठवतच नसे. तो इंग्रजी अक्षरांचे आकडे साठवायचा आणि फाँट त्यांच्या जागी मराठी आकृत्या दाखवायचा. फाँट असेल तर 'पाटील' दिसायचे, फाँट काढला तर त्याच जागी अर्थहीन खुणा. प्रत्येक फाँटचा हिशेब वेगळा. या रुग्णालयात दोन विभागांनी दोन वेगळे फाँट वापरले होते. आम्ही एकाचेच रूपांतर करणारा प्रोग्राम लिहिला. दुसऱ्या विभागातली नावे नव्या यंत्रणेत गेली ती ओळखू न येण्याजोगी होऊन. आम्हाला वाटले, ही जुनी, खराब झालेली नोंद असणार. म्हणून नाव जुळते की नाही ही तपासणी आम्ही बंद केली आणि फक्त रुग्णाच्या क्रमांकावर भिस्त ठेवली.

क्रमांकांतही गंमत होती. जुन्या इमारतीतले रुग्णक्रमांक शून्याने सुरू होत, उदाहरणार्थ ००४७१. नव्या इमारतीत नुसते ४७१. ही दोन वेगळी माणसे. जुन्या यंत्रणेत क्रमांक अक्षरांसारखा साठवला होता, त्यामुळे हे दोन वेगळे राहिले होते. नव्या यंत्रणेत तो संख्या म्हणून साठवला गेला. संख्येत पुढच्या शून्यांना किंमत नसते. यंत्रणेने समजूत करून घेतली की ही एकच व्यक्ती, आणि दोघांचे अहवाल एका फायलीत घातले.

आम्ही तपासणी केली नव्हती का? केली होती. प्रत्येक फायलीचा एक गणिती ठसा काढता येतो. निघताना आणि पोहोचल्यावर तो ठसा सारखा आला तर फाइल वाटेत बिघडली नाही असे समजतात. सगळे ठसे जुळले. अहवालांची एकूण संख्या जुळली. फक्त रुग्णांची संख्या अकराशेच्या आसपास कमी भरली. मी म्हटले, दुबार नोंदी होत्या, त्या निघून गेल्या, बरेच झाले. आणि काम पूर्ण झाल्याचे पत्र पाठवून दिले. जुन्या क्लाउडचा करार महिनाअखेरीस संपवायचा असे ठरले.

महिना संपायला चार दिवस होते. रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना सगळे मामा म्हणत. ते एक कागद घेऊन माझ्याकडे आले.

"साहेब, ही बाई आपल्या खुलताबाद तालुक्यातली. छातीतल्या गाठीसाठी फेरतपासणीला आली आहे. डॉक्टरांना हिचा जुना अहवाल पाहिजे. आणि हिच्या फायलीत प्रोस्टेटचा रिपोर्ट कसा काय?"

मी कागदाकडे पाहतच राहिलो. मामा शांतपणे म्हणाले, "तुम्ही पोती मोजली साहेब. धान्य नाही बघितलं."

जुना क्लाउड अजून चालू होता म्हणून त्या बाईंचा खरा अहवाल सापडला आणि संध्याकाळपर्यंत डॉक्टरांच्या हातात गेला. चार दिवसांनंतर त्या आल्या असत्या तर? डॉक्टरांनी प्रोस्टेटचा अहवाल बाजूला ठेवला असता हे खरे. पण ज्या फायलींत दोन बायकांचे अहवाल एकत्र झाले होते, तिथे कोणाला काय कळले असते? मी व्यवस्थापनाला माझी चूक कळवली, करार दोन महिन्यांनी वाढवून घेतला, आणि मामांसह चार जणांनी तीन आठवडे बसून ती अकराशे नावे एकेक करून सोडवली. वाढीव भाड्यावरून बोलणी खावी लागली. ती मी मुकाट्याने खाल्ली.

घरात लग्न असताना

चौथी अडचण वेळ साधण्याची. घर बदलताना आपण दोन दिवस चूल बंद ठेवू शकतो. रुग्णालय, बँक, रेल्वे यांना ते शक्य नसते. घरात लग्न चालू असताना बिऱ्हाड हलवण्यासारखे हे असते. आपण माहितीची प्रत काढत असतानाच मूळ माहिती बदलत असते. म्हणून आधी मोठा गठ्ठा हलवतात, नंतर मधल्या काळात झालेले बदल पाठवत राहतात, आणि शेवटी एका रात्री काही तास व्यवहार थांबवून उरलेले बदल नेऊन नव्या घराचे दार उघडतात. ती रात्र आम्हा लोकांची परीक्षेची रात्र.

ब्रिटनमधील टीएसबी बँकेची अशी एक रात्र प्रसिद्ध आहे. एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी त्यांनी सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत नेली. हे क्लाउड ते क्लाउड स्थलांतर नव्हते, पण धडा तोच. नंतरच्या चौकशीत नियामकांनी म्हटले, की माहिती नीट पोहोचली होती. पण ज्या यंत्रणेवर ती पोहोचली, ती ग्राहकांचा भार पेलू शकली नाही. लाखो लोकांना स्वतःच्या खात्यात शिरता येईना. सगळे सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. मुख्याधिकाऱ्यांना पद सोडावे लागले आणि डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. सामान सुखरूप आले, पण नव्या घराचा जिना तपासला नव्हता.

याउलट उदाहरणही आहे. ड्रॉपबॉक्स या कंपनीने २०१५ च्या अखेरीपर्यंत ॲमेझॉनच्या क्लाउडमधून आपली ९० टक्क्यांहून अधिक माहिती स्वतःच्या यंत्रणेत आणली. एकूण साठा ५०० पेटाबाइटच्या घरात होता. त्यांनी घाई केली नाही. तयारीला आणि हलवण्याला मिळून दोनेक वर्षे घेतली आणि काही काळ दोन्हीकडे प्रती ठेवल्या. बहुतेक ग्राहकांना हे झाल्याचे कळलेही नाही. आमच्या धंद्यात यश असेच असते. कोणाला काही कळले नाही, तर काम उत्तम झाले.

चावडी वाचन

मग यावर उपाय काय? सर्वांत चांगला उपाय मला कुठल्या परदेशी पुस्तकात सापडला नाही. तो आपल्या महसूल खात्यात सापडला.

राज्यात हस्तलिखित सातबाऱ्याचे संगणकीकरण झाले तेव्हा कागदावरून संगणकात जाताना चुका राहिल्या. कुठे नाव चुकले, कुठे क्षेत्र, कुठे एखादा वारस गळला. या चुका पुण्या-मुंबईत बसून संगणकाला सापडणाऱ्या नव्हत्या. म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन झाले. तलाठ्याने संगणकातला सातबारा गावासमोर वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने ऐकून सांगायचे, बरोबर आहे की नाही. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सगळ्या चुका तेवढ्याने संपल्या असे नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचे अर्ज नंतरही होत राहिले. पण पद्धत अगदी योग्य होती. माहिती बरोबर आहे की नाही हे तिचा धनी सांगू शकतो, नुसते यंत्र सांगू शकत नाही.

रुग्णालयाच्या त्या प्रसंगानंतर मी प्रत्येक कामात चावडी वाचन ठेवतो. ठसे जुळवणे, संख्या मोजणे हे यंत्राने करायचे. पण त्यानंतर प्रत्येक विभागातल्या जुन्या, जाणत्या माणसाला समोर बसवायचे, त्याच्या ओळखीच्या पन्नास नोंदी पडद्यावर उघडायच्या आणि विचारायचे, "मामा, हे बरोबर आहे का?" अशी माणसे बहुधा संगणक विभागात नसतात. ती रेकॉर्ड रूममध्ये, खिडकीवर, वसुलीला असतात. बैठकांना त्यांना कोणी बोलावत नाही. त्यांना बोलवा.

मूळ प्रत

शेवटचा मुद्दा पुन्हा आमच्या भागातला. आमच्याकडची जुनी मंडळी कैलास लेण्याला रंगमहाल म्हणत. तिथल्या छतांवर रंगचित्रांचे अवशेष अजून आहेत. पण रंगचित्रांचे खरे वैभव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अजिंठ्याला. १८४४ साली मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती काढायला नेमले गेले. वर्षानुवर्षे राबून त्याने त्या काढल्या. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रती काढल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या अनेक नष्ट झाल्या. एकाच कामाच्या प्रती दोनदा एकाच शहरात ठेवल्या आणि दोनदा जळाल्या. मूळ चित्रे भिंतींवर राहिली म्हणून आज आपण काही पाहू शकतो. पण त्यांचीही झीज होत गेली, आणि जळालेल्या प्रतींत जे टिपले होते त्यातले काही आता कुठेच नाही.

हाच धडा मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीला मिळाला. पाच लाखांहून अधिक लोकांची पुंजी सांभाळणारी ही संस्था. गुगल क्लाउडवर तिची यंत्रणा उभारताना झालेल्या एका चुकीमुळे ती यंत्रणाच आपोआप पुसली गेली. माहिती दोन ठिकाणी ठेवलेली होती, पण दोन्ही ठिकाणे एकाच घरमालकाची, आणि दोन्हीकडची पुसली गेली. संस्थेने एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती, तिचा आधार झाला. आठवडाभराहून अधिक काळ सभासदांना आपले खाते पाहता आले नाही, पण पुंजीची माहिती वाचली.

म्हणून सांगतो, नव्या घरातले दिवे लागले म्हणून जुन्या घराची किल्ली लगेच देऊ नका. महिना-दोन महिन्यांचे जास्तीचे भाडे हा तोटा नसतो, तो विमा असतो. आणि एक प्रत अशा जागी ठेवा, जिथे त्याच आगीचा धूर पोहोचणार नाही.

हे फक्त मोठ्या संस्थांचे प्रश्न आहेत असे समजू नका. आपण सगळेच दर तीन-चार वर्षांनी हे स्थलांतर करतो. नवा मोबाइल घेतो, जुन्यातले फोटो नव्यात घेतो आणि दुकानदाराला सांगतो, जुना कोरा करून टाक. पुढच्या वेळी एवढे करा. फोटो किती होते ते मोजा. नव्या मोबाइलवर त्यातले दहा-वीस प्रत्यक्ष उघडून पाहा, विशेषतः सर्वांत जुने. आणि महिनाभर जुना मोबाइल कपाटात राहू द्या.

परवा गावी जाताना पुन्हा दौलताबादवरून गेलो. माझ्या शेजारच्या बाकावर कॉलेजची दोन पोरे बसली होती, आणि किल्ला दिसताच त्यांतला एक सुलतानाची नक्कल करू लागला. नक्कल चांगली होती. मी हसलो, पण मनात म्हटले, त्या माणसाला परत जाण्याचा रस्ता तरी शिल्लक होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)